शिक्षा नेमकी कोणासाठी? चोरासाठी, आपल्यासाठी की ज्याचं गेलं त्याच्यासाठी?

विलास_मानेवाडा

नमस्कार मंडळी. मोठं लिहून राहिलो, वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या लेआउटला एका बांधकामावर कॉपर वायर चोरताना एक पोरगा सापडला. एकोणीस-वीसचा असेल. चौकीदाराने धरला, ओरडला, लोक जमले आणि मग खांबाला बांधून ज्याच्या हातात जे आलं त्याने मारलं. बेल्ट, चप्पल, पाईपचा तुकडा. व्हिडिओ काढले. पोलिसांची गाडी येईपर्यंत पोराच्या कानातून रक्त येत होतं.

मी स्वतः इलेक्ट्रिकची कामं घेतो त्यामुळे राग काय असतो हे मला कोणी सांगायला नको. भिंतीतल्या पाईपातून वायर ओढतात, वरचं कोटिंग जाळतात अन् तांबं किलोवर भंगारात देतात. त्याला मिळतात काही शे रुपये, इकडे पूर्ण सर्किट पुन्हा ओढावं लागतं, पाईप चेपला असला तर प्लास्टर फोडा, परत पुट्टी मारा. आणि हा खर्च बिल्डर देत नाही, ज्या फिटरने लेबर कॉन्ट्रॅक्टवर काम घेतलं त्याच्याच अंगावर येतो. इथेही तेच झालं. फिटर ओळखीचा आहे, यवतमाळकडचा, बायको-पोरं घेऊन भाड्याच्या खोलीत राहतो. उसने पैसे घेऊन त्याने वायर आणली अन् काम पूर्ण करून दिलं.

आता हिशोब बघा. पोराला मार पडला, केस झाली, तो आत गेला. सापडलेली वायर मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा. ग्रुपवर दोन-तीन दिवस भांडण, मारलं ते बरोबर की चूक. अन् फिटरला कोणी एका शब्दाने विचारलं नाही, ना मारणाऱ्यांनी, ना पोलिसांनी, ना ग्रुपवर कायदा सांगणाऱ्यांनी.

माझा प्रश्न हा की आपण शिक्षा मागतो तेव्हा नेमकं काय व्हावं असं आपल्याला वाटत असतं? त्याने परत करू नये? बाकीच्यांनी घाबरावं? आपला राग निघावा? की ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून निघावं? माझं मत सांगून टाकतो, हे शेवटचं होत नसेल तर बाकी सगळं अर्धवट आहे. पण चोरीत हे ठीक आहे, खुनात काय भरून देणार, तिथे माझी गाडी अडते. म्हणून हा धागा.

पंकज_इतवारी

विलासभाऊ तुमचा मुद्दा समजला पण थोडं आमच्याकडूनही बघा. आमचं इतवारीत होलसेलचं दुकान आहे, शटर वाकवून माल नेला होता. आई तेव्हापासून रात्री दहा वेळा उठून कुलूप बघते. माल गेला त्याचं दुःख कमी, घरातली झोप गेली ती कोण भरून देणार?

मला विचाराल तर शिक्षेचं एकच काम, भीती. भीती नाही म्हणून हे सगळं होऊन राहिलं. आज धरला, उद्या जमानत, परवा त्याच गल्लीत गाडी घेऊन फिरते अन् वरून आपल्याकडे बघून हसते. गुंडांची पोलिसांनी एरियातून धिंड काढली की त्याच दिवशी गल्ली कशी शांत होते हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कान फुटला ते वाईट झालं, मी मारा म्हणत नाही, पण लोकांचा भरोसा उडाला की लोक हेच करतात.

कोर्टवाला

डिस्ट्रिक्ट कोर्टात प्रॅक्टिस करतो, फौजदारीच जास्त. पंकजभाऊंच्या भीतीच्या मुद्द्यावर लिहितो कारण रोज हेच ऐकतो.

भीती लागते, मान्य. पण भीती कशाची? चोरी करणारा माणूस कलम वाचून चोरी करत नाही. तीन वर्षं की सात वर्षं हे त्याला आमच्या टेबलावर आल्यावर कळतं. चोरी करताना त्याच्या डोक्यात एकच हिशोब असतो, सापडीन का नाही. हे काही माझं संशोधन नाही, इटलीतल्या बेकारियाने १७६४ मध्ये हेच मांडलं होतं की शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर यावर धाक अवलंबून असतो. त्याच शतकात इंग्लंडमध्ये २०० च्या वर गुन्ह्यांना फाशी होती, खिसा कापण्यालासुद्धा, म्हणून खिसेकापू संपले नाहीत. उलट ज्युरीच कचरायची, चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरायची म्हणजे माणूस फासावर जायला नको. शिक्षा इतकी जड केली की द्यायलाच हात धजत नाही, असं होतं.

आता या पोराच्या केसकडे या. साधी चोरी धरली तर भारतीय न्याय संहितेचं ३०३, जास्तीत जास्त तीन वर्षं. पोलिसांनी माल ठेवायच्या इमारतीतली चोरी म्हणून ३०५ लावलं तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात एक चांगली सोय आली आहे, माल ५००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली तर ३०३ मध्ये त्याला समाजसेवेची शिक्षा, तुरुंग नाही. म्हणजे विलासभाऊ, परत करणं हे कायद्यातच आलं. पण हे सगळं दोषी ठरल्यावर! त्याआधी जमानत. जमानतीला जमानतदार पाहिजे, त्याच्या नावावर घर किंवा शेती पाहिजे, सातबारा, टॅक्स पावती. झोपडपट्टीतल्या पोरासाठी कोण सातबारा घेऊन उभा राहते? मग ज्या गुन्ह्यात कायदा म्हणतो रस्ता झाडून घे अन् घरी जा, त्या गुन्ह्यात पोरगा महिनोन्महिने वर्धा रोडच्या जेलच्या भिंतीआड बसतो. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो मोठा गुन्हा करून आठ दिवसांत बाहेर. पंकजभाऊ, तुम्हाला गल्लीत हसताना दिसतो तो हा दुसरा.

सुषमा_धंतोली

कोर्टवाला अगदी खरं लिहिलंत. मी रिटायर झाल्यावर काही वर्षं जेलमध्ये शिकवायला जात होते, अक्षरओळख, अर्ज लिहिणं, थोडं वाचन. त्यामुळे आतलं जे पाहिलं तेवढंच सांगते.

बाहेर लोकांना वाटतं जेलमध्ये सगळे गुन्हेगार. आत बहुतेक कच्चे कैदी असतात. देशभराचा आकडा बघितला तर २०२२ च्या शेवटी १०० कैद्यांमागे ७५ च्या वर कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. पक्क्या कैद्याला निदान काम मिळतं, सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, त्याची मजुरी खात्यात जमा होते, पुढे वागणूक बघून संचित रजा, म्हणजे काही दिवस घरी जायची सुट्टी, मिळू शकते. कच्च्याला तसं सक्तीचं काम नाही. तो बसून असतो. सकाळी गिनती, चहा, बराकीत बसणं, जेवण, बसणं, संध्याकाळी परत गिनती आणि बंदी. एकोणीस वर्षांचा पोरगा दिवसभर कोणाशेजारी बसतो तर ज्याच्यावर दहा केसेस आहेत त्याच्याशेजारी. तो त्याला वकील सांगतो, जमानतदार सांगतो, बाहेर गेल्यावर कुठे भेटायचं ते सांगतो. आई तिसऱ्या मुलाकातीनंतर येणं बंद करते कारण तिची रोजी बुडते. मग त्या पोराला आपलं म्हणणारं कोण उरलं सांगा.

खात्याचं नावच कारागृह व सुधारसेवा आहे आणि आत मन लावून काम करणारे अधिकारी मी पाहिलेत. गळाभेट नावाचा कार्यक्रम असतो, त्यात कैद्यांच्या लहान मुलांना आत आणून जाळी-काचेशिवाय भेटू देतात. एक बाप्या, चांगला दांडगा, खुनातला, मुलीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायचा प्रयत्न करत होता आणि त्याला जमत नव्हती, मुलगी म्हणत होती बाबा अशी नाही अशी. तो बाप त्यानंतर माझ्याकडे येऊन लिहायला शिकला, मुलीला पत्र लिहायचं म्हणून. सुधारणा झाली तर ती अशी कशाला तरी धरून होते, नुसतं कोंडून होत नाही.

आणि हे आपल्याकडे कोणी केलंच नाही असंही नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवलं, खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर, बायकामुलांसोबत. आपल्या विदर्भात मोर्शीला खुलं कारागृह आहे. तिथे भिंतीवर उडी मारायची गरजच नाही तरी माणसं राहतात.

बजाजनगर_निखिल

मस्त धागा. मी ऍड करतो, नॉर्वेमध्ये साध्या फौजदारी कायद्यात सगळ्यात मोठी शिक्षा २१ वर्षं. २०११ मध्ये ज्याने ७७ लोक मारले त्यालापण २१ वर्षंच, फक्त धोकादायक वाटला तर मुदत वाढवता येते अशी अट. त्यांचा फंडा क्लिअर आहे की हा माणूस कधीतरी आपल्या शेजारी राहायला येणार आहे तर कसा आलेला पाहिजे. आपण शेजारी येणार हेच विसरतो अन् फक्त आत टाका आत टाका करतो. शिवाय तिकडे बऱ्याच देशांत गुन्हा करणारा आणि ज्याच्यावर झाला तो, दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावतात, त्याने दोघांनाही मोकळं वाटतं असं वाचलंय. आपल्याकडे पण सुरू करायला पाहिजे असं वाटतं.

आरती९०

मी फार लिहित नाही इथे. पण निखिलचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या मोठ्या भावाला मारलं. भांडण त्याचं नव्हतंच, सोडवायला गेला होता. केस अजून सुरू आहे. ज्याने मारलं तो जमानतीवर आहे आणि आमच्याच एरियात आहे, किराणा दुकानात समोर येतो. मी दूध घ्यायला जायची वेळ बदलली, त्याने नाही बदलली. पेशी कधी आहे हे आम्हाला कोणी कळवत नाही, त्याच्या घरचे पांढरी गाडी काढून निघाले की आई समजते की आज तारीख आहे. एक साक्षीदार फितूर झाला. तो भावाचा मित्र होता. आमच्याकडे दिवाळीला जेवायला असायचा.

निखिल तू चांगल्या मनाने लिहिलं असशील म्हणून रागाने नाही सांगत. मला त्याच्यासमोर बसायचं नाही. मला मोकळंही व्हायचं नाही. मला माफीचं कोणी समजावू नका, घरी येणारे नातेवाईक पुष्कळ समजावतात, झालं ते झालं म्हणतात.

मला शिक्षा कशासाठी पाहिजे हे मी खूप विचार करून सांगते. तो घाबरावा म्हणून नाही, दुसरे घाबरावे म्हणूनही नाही. तो आत सुधारला तर सुधारो, माझं काही म्हणणं नाही. मला एवढंच पाहिजे की भरल्या कोर्टात, त्याचं पूर्ण नाव घेऊन, जज साहेबांनी म्हणावं की याने हे केलं आणि हे चुकीचं होतं. आज आमच्या गल्लीत दोन गोष्टी चालतात, एक म्हणते त्याने मारलं, दुसरी म्हणते भाऊच आधी अंगावर गेला असेल. जोवर निकाल नाही तोवर ही दुसरी गोष्ट जिवंत आहे. विलासभाऊ तुम्ही विचारलं ना खुनात काय भरून देणार. हे देता येतं.

विलास_मानेवाडा

आरतीताई, तुम्ही लिहिलं म्हणून आभार. माझी गाडी जिथे अडली होती तिथे तुम्ही उत्तर दिलं. यावर लगेच काही बोलणं मला शोभणार नाही, एकदा नीट वाचतो.

बजाजनगर_निखिल

ताई सॉरी. तुमचं म्हणणं कळलं. समोरासमोर बसायचं की नाही हे ज्याचं माणूस गेलं त्यानेच ठरवायला पाहिजे, बाकी कोणी ढकलू नये.

पंकज_इतवारी

ताईंचं वाचून जीव कासावीस झाला. आता कोणी मला सांगा, अशा माणसाला फाशी का नाही? अन् कायदा देत नसेल तर मग लोक देतात. नागपूरकरांना अक्कू यादव सांगायची गरज नाही. बायांवर अत्याचार करणारा तो गुंड, कस्तुरबा नगरच्या बायांनीच कोर्टात संपवला. त्या दिवशी शहरात कोणाला वाईट वाटलं होतं?

जरीपटका_सुनीता

पंकजभाऊ, माझं माहेर त्या भागातलं, म्हणून लिहिते. १३ ऑगस्ट २००४. सगळे त्या दिवसाबद्दल बोलतात, त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. बायका तक्रारी घेऊन गेल्या की त्यांनाच उलट प्रश्न. तक्रार केल्याचं त्याला कळायचं आणि तो रात्री दारात हजर. पोरींना शाळेतून काढलं, काहींनी घरं विकली. पकडला की सुटून यायचा. त्या दिवशीही जमानतीसाठीच आणला होता आणि तो पुन्हा सुटणार अशी बोलवा होती.

फाशी नव्हती म्हणून बायांनी हे केलं नाही. काहीच नव्हतं म्हणून केलं. साध्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षाही वेळेवर झाल्या असत्या तर त्या बाया आपल्या घरी भाकरी थापत असत्या. नंतर कितीतरी वर्षं त्यांनीच कोर्टाच्या चकरा मारल्या, २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटल्या. त्यात आयुष्य गेलं ते गेलं. त्यांना वीरांगना म्हणणं सोपं आहे, त्यांच्यावर ती वेळ आली हे लाजिरवाणं आहे. त्यांना नाही, आपल्याला.

कोर्टवाला

सुनीताताई, शंभर टक्के. एक गोष्ट नेहमी मनात येते. १३ ऑगस्ट २००४ ला इथे हे झालं आणि दुसऱ्याच दिवशी, १४ ऑगस्टला पहाटे, कोलकात्याच्या अलीपूर जेलमध्ये बलात्कार-खुनाच्या केसमध्ये फाशी दिली गेली. देशभर चर्चा त्या फाशीची. एकाच आठवड्यात सरकार एका माणसाला फासावर चढवू शकत होतं आणि एका वस्तीतल्या बायांची तक्रार नीट लिहून घेऊ शकत नव्हतं. शिक्षेचं एक काम हेही आहे की लोकांच्या हातातला दगड काढून घ्यायचा, मी बघतो म्हणायचं आणि खरंच बघायचं. ते दुसरं अर्ध झालं नाही की पहिलं टिकत नाही.

फाशीबद्दल. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच. खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षं सक्तमजुरीवर आणली. २००० नंतर पूर्ण देशात प्रत्यक्ष फाशी झाली ती ८ जणांना, त्यातली एक इथेच नागपूर जेलमध्ये, ३० जुलै २०१५ ला. आता सांगा, पंचवीस वर्षांत आठ, एवढ्यावर कोणता खून थांबेल? २०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीकडे लोकांनी फाशी मागितली, समितीने ती शिफारस केली नाही, पोलिस, तपास, तक्रार घेणं यावर पानंच्या पानं लिहिली. आपण ती पानं वाचली नाहीत, फाशीवर भांडत बसलो.

आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा गैरसमज कृपया काढा. १९६१ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सूट मिळायच्या आधीची किमान मुदत आहे, सुटायचा हक्क नाही.

पंकज_इतवारी

जन्मठेपेचं माहीत नव्हतं, धन्यवाद वकीलसाहेब. पण माझं मत तेच आहे. लहान पोरीवर अत्याचार करून मारणाऱ्याला जगायचा हक्क नाही. त्याने कोणी घाबरो न घाबरो. सगळ्याच गोष्टी फायदा बघून करायच्या नसतात, काही गोष्टी ते बरोबर आहे म्हणून करायच्या असतात. आरतीताईपण तेच म्हणून राहिल्या एका अर्थाने.

आरती९०

पंकजदादा, तेच नाही म्हणत मी. त्याने केलं हे सिद्ध होऊन लोकांसमोर म्हटलं गेलं पाहिजे हे माझं म्हणणं. त्याचा जीव घेऊन मला काय मिळणार. आणि खरं सांगू का, फाशीची केस असती तर साक्षीदार अजून फितूर झाले असते. आत्ताच आमच्या इथे म्हणतात, एक पोरगा गेलाच, दुसऱ्याचं आयुष्य कशाला बरबाद करायचं.

गणेश_प

सगळं वाचलं. मी पारधी समाजाचा आहे, सध्या नागपुरात नोकरी करतो, गाव अमरावती जिल्ह्यात.

तुम्ही सगळे शिक्षा गुन्ह्यानंतर येते असं धरून बोलताय. आमच्याकडे ती आधी आली. १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माझ्या आज्याच्या बापाला पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, परवानगीशिवाय दुसऱ्या गावी मुक्काम केला तर तोच गुन्हा. १९५२ मध्ये कायदा गेला पण आजही तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर येते. माझा चुलतभाऊ कामावर होता, मुकादमाकडे हजेरीपट होता, तरी उचलला, चार दिवसांनी सोडला. कागदावर काहीच नाही, त्यामुळे शिक्षा झाली असं कोणी म्हणणार नाही. रोजी गेली, कामही गेलं.

पंकजभाऊ, लोक न्याय देतात म्हणता तर जमावाच्या हाताला कोण लागतो तेही बघा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं, पोरं पळवणारे समजून. नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून खाणारे. त्यांनी काहीही केलं नव्हतं. लेआउटमधल्या त्या पोराच्या जागी मी असतो, फोनवर बोलत बांधकामापाशी थांबलो असतो आणि कोणी आडनाव विचारलं असतं तर?

आणि फाशीबद्दल. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका केसमध्ये भटक्या समाजाच्या सहा जणांना फाशी झाली. सुप्रीम कोर्टानेही २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच दिली. मग २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सहाही निर्दोष, प्रत्येकाला पाच लाख द्या. आधी लटकवलं असतं तर पाच लाख कोणाच्या हातात दिले असते? आपल्या नागपूर जेलमधून मार्च २०२३ मध्ये एक माणूस सुटला, फाशीचा कैदी, २८ वर्षं आत काढलेला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता हे कोर्टाने इतक्या वर्षांनी मान्य केलं.

सुषमा_धंतोली

गणेश, बाळा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आत वर्गात येणाऱ्या पोरांची आडनावं मी हजेरीला वाचायची तेव्हा काही आडनावं फार वेळा यायची आणि शहरातली काही आडनावं कधीच यायची नाहीत. गुन्हे काय फक्त एकाच बाजूला होतात का?

पंकज_इतवारी

गणेशभाऊ, जमावाबद्दल तुमचं मी मानतो. चौकशीशिवाय हात उचलायचा नाही, संपला विषय. फाशीवर माझं-तुमचं जमणार नाही, ते राहू द्या.

विलास_मानेवाडा

परवा त्या पोराची आई आमच्या लेआउटमध्ये आली होती. धुणीभांडी करते, नंदनवनकडे राहते. कोणी तक्रार मागे घेता का म्हणून विचारत फिरत होती, लोकांनी दार लावून घेतलं. मी तिला फिटरकडे घेऊन गेलो. फिटर आधी भडकला, मग म्हणाला बाई तुझ्या पोराशी माझं काही वैर नाही, माझे वायरचे पैसे द्या, मी लिहून देतो. ती म्हणाली हप्त्याने देते. पण तो आतच आहे, कमावणार कोण अन् हप्ता देणार कोण. बाहेर असता तर माझ्याच साइटवर ठेवला असता, पाईप कापायला, खाच मारायला, अर्धी मजुरी फिटरच्या हातात दिली असती. मला तरी याहून सरळ शिक्षा दिसत नाही. कोर्टवाला, हे कायद्यात बसते का?

कोर्टवाला

बऱ्यापैकी बसते. साध्या चोरीचा, म्हणजे ३०३ चा गुन्हा मिटवता येतो, ज्याचा माल गेला त्याची संमती लागते. म्हणजे फिटरचा जबाब महत्त्वाचा, वायर त्याची होती हे बिलावरून दाखवा, नाहीतर बिल्डर मालक म्हणून पुढे येईल.

जमानतदार नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील घ्या आणि वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जमानतदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडायची मागणी करा. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे २०२३ पासून, जमानतीच्या रकमेसाठी ४०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, जिल्ह्याची समिती ठरवते. आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ लक्षात ठेवा, पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर त्याला सोडावं लागतं, त्याच्यावर दुसऱ्या केसेस चालू नसतील तर.

पंकज_इतवारी

म्हणजे चोराच्या जमानतीला सरकारचे चाळीस हजार, अन् फिटरला काय? मी मुद्दाम वाद घालत नाही, पण हा प्रश्न लोक विचारणार.

कोर्टवाला

विचारलाच पाहिजे, योग्य प्रश्न आहे. जमानतीचे पैसे पोराच्या खिशात जात नाहीत, कोर्टात जमा राहतात, पण फिटरचं काय हे राहतंच. त्याने आज करायचं काम म्हणजे मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, परत मागायचा. जुनं कलम ४५१ आणि ४५७, आता ४९७ आणि ५०३. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय की माल ठाण्यात सडवू नका, फोटो काढा, पंचनामा करा आणि मालकाला द्या. तरी ठाण्यांच्या आवारात गाड्या गंजताना आपण बघतोच, कारण लोक अर्जच करत नाहीत. कोर्ट दोषी ठरवताना नुकसानभरपाईचा आदेशही देऊ शकतं. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भरपाईचा विचार केला की नाही हे प्रत्येक निकालात दिसलं पाहिजे. प्रत्यक्षात सरकारी वकील मागत नाही, आम्ही बचावाचे तर मागणारच नाही, ज्याचं गेलं तो कोर्टात साक्षीपुरता येतो आणि जातो. त्याच्यासाठी उभं राहणारं कोणी नसतं. माझ्या मते आपल्या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव हीच.

आरतीताई, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. तुम्ही तुमचा स्वतःचा वकील लावू शकता, तो सरकारी वकिलाला मदत करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की पीडित कुटुंबाला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, जमानतीच्या वेळीसुद्धा. आरोपी समोर येऊन दबाव आणत असेल तर जमानत रद्द करायचा अर्ज होतो, त्यासाठी तारीख-वेळ लिहून ठेवा. तो सुटला तर अपील करायचा हक्कही तुम्हाला आहे. तारखा ई-कोर्टच्या ॲपवर केस नंबर टाकला की दिसतात, पांढऱ्या गाडीकडे बघत बसायची गरज नाही.

आरती९०

ॲप टाकलं. केस दिसली. पुढची पेशी २३ तारखेला आहे, आणि मागच्या बऱ्याच तारखांना साक्षीदार गैरहजर असं लिहिलंय, आम्हाला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. लेखी युक्तिवादाचं मला करायचं आहे. त्यात काय लिहायचं हे मला माहीत आहे, भाषा वकिलाची लागेल. विधी सेवाचं ऑफिस कुठे आहे आणि कोणती कागदं आणू?

कोर्टवाला

सिव्हिल लाईन्सला, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. आधार, एफआयआरची कॉपी, केस नंबर, भावाशी नातं दाखवणारं रेशन कार्ड किंवा शाळेचा दाखला. महिलांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी थांबू नका. २३ च्या आधी या, त्या दिवशी घाई होईल.

जरीपटका_सुनीता

आरती, एकटी जाऊ नको. मी येते तुझ्यासोबत, मेसेज कर.